ब्रिटनचे बदललेले इमिग्रेशन कायदे: मालकाचे टेबल, ट्रायब्युनलची खोली आणि विमानतळाचा काउंटर

कृष्णाकाठ

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून परत येताना मुंबई विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर मला पाऊण तास बाजूला उभे करण्यात आले. सुट्टीत मी पासपोर्टचे नूतनीकरण करून घेतले होते, नवा पासपोर्ट हातात होता, जुनाही सोबत होता आणि माझा ब्रिटनचा व्हिसा पूर्णपणे वैध होता. परंतु तो व्हिसा आता पासपोर्टवर चिकटवलेला नसतो आणि खिशातल्या कार्डावरही नसतो. तो होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या, संगणकात असतो, आणि तेथे माझ्या नावापुढे जुन्या पासपोर्टचा क्रमांक होता. काउंटरवरच्या मुलीच्या पडद्यावर माझी परवानगी दिसत नव्हती. तिने होम ऑफिसच्या मदतवाहिनीला फोन लावला, माझे दोन्ही पासपोर्ट पुन्हा पुन्हा उलटून पाहिले, आणि शेवटी बोर्डिंग पास छापला. मला तिचा राग आला नाही, कारण बर्मिंगहॅममधल्या एका अभियांत्रिकी कंपनीत मनुष्यबळ विभागात मी नेमके हेच काम करते. समोर बसलेल्या माणसाला या देशात काम करण्याचा हक्क आहे की नाही, हे मी पडद्यावर पाहून ठरवते.

हा धागा काढण्याचे कारण तेच आहे. गेल्या दोन वर्षांत येथील कायद्यात जे बदल झाले त्यांविषयी आपल्या मंडळींमध्ये पगाराचा आकडा किती आणि शुल्क किती एवढीच चर्चा होते. माझ्या मते त्याहून मोठा बदल असा आहे की, तपासणीचा पहारा सीमेवरून उठून सामान्य माणसांच्या टेबलावर येऊन बसला आहे. कागदपत्रांविना प्रवासी आणला तर विमान कंपनीला माणशी २,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कामाचा हक्क नसलेला माणूस नोकरीवर सापडला तर मालकाला पूर्वी पहिल्या वेळी जास्तीत जास्त १५,००० पौंड दंड होत असे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून तो माणशी ४५,००० पौंडांपर्यंत गेला आहे आणि पुन्हा सापडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत. एवढा दंड डोक्यावर टांगलेला असताना मालक धास्तावलेला असतो, आणि धास्तावलेला मालक परक्या नावाचा अर्ज बाजूला सारतो. तसे करणे २०१० च्या समानता कायद्याचे उल्लंघन आहे. होम ऑफिसने मालकांसाठी काढलेल्या आचारसंहितेतही ते स्पष्ट सांगितले आहे, पण सारलेला अर्ज कोणाला दिसत नाही.

आकडेही सांगून टाकते. स्किल्ड वर्कर व्हिसासाठीची (मालकाच्या प्रायोजनावर मिळणाऱ्या कामाच्या व्हिसासाठीची) सर्वसाधारण पगारमर्यादा ४ एप्रिल २०२४ रोजी २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली आणि २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० पौंड आहे. त्याच दिवसापासून पदवीच्या पातळीखालची बहुतेक कामे या व्हिसातून बाहेर पडली, आणि परदेशातून केअर वर्कर (वृद्ध व आजारी माणसांची देखभाल करणारे) आणण्याचा मार्गही बंद झाला. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचे, म्हणजे मालकाने कामगारासाठी काढायच्या प्रायोजन-प्रमाणपत्राचे, शुल्क एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंड झाले. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कामगारामागे मालकाने सरकारला भरायची रक्कम, १६ डिसेंबर २०२५ पासून मोठ्या कंपन्यांना वर्षाला १,३२० पौंड पडतो. म्हणजे पाच वर्षांच्या व्हिसासाठी एका माणसामागे ६,६०० पौंड नुसते या एका सदराखाली जातात. हा चार्ज कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून स्पॉन्सर लायसन्सचे (परदेशी कामगार नेमण्याच्या परवान्याचे) व सर्टिफिकेटचे शुल्कही स्किल्ड वर्करच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडून कोणी असे पैसे मागितले असतील, तर ते नियमाविरुद्ध आहे हे ध्यानात ठेवावे.

नियोक्ते, आश्रयाची अपिले आणि प्रवास या तिन्ही बाबतींत आपापले अनुभव आणि प्रश्न येथे मांडावेत. मी वकील नाही. माझ्या कामाच्या कक्षेतले तेवढेच ठामपणे सांगेन.

मसाल्याचा_डबा

ताई, अत्यंत उपयुक्त धागा आहे. लेस्टरमध्ये माझे छोटे उपाहारगृह आहे आणि एकूण सात माणसे कामाला आहेत. मी प्रत्येकाकडून शेअर कोड (होम ऑफिसच्या ऑनलाइन नोंदीतली परवानगी पाहण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक) घेतो, परंतु आजवर त्यांच्याच मोबाईलवर त्यांनी उघडून दाखवलेले पान पाहून त्याची छायाप्रत ठेवत आलो. माझ्या हिशेबतपासनिसांनी परवा सांगितले की, ही तपासणी ग्राह्य धरली जात नाही. हे खरे आहे का? शिवाय माझ्याकडे दोन विद्यार्थी आहेत, त्यांच्या तासांचे काय करावे?

कृष्णाकाठ

दादा, हिशेबतपासनिसांनी सांगितले ते खरे आहे, आणि हे आजच दुरुस्त करून घ्यावे. उमेदवाराने आपल्या खात्यातले पान दाखवणे म्हणजे तपासणी नव्हे. त्याने दिलेला शेअर कोड आणि त्याची जन्मतारीख आपण स्वतः मालकांसाठी असलेल्या सरकारी पानावर टाकायची असते. कामाच्या हक्काचा कोड इंग्रजी डब्ल्यू अक्षराने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. पडद्यावर त्याचे छायाचित्र उमटते. ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्याशी ताडून पाहायचे आणि ते पान तारखेसह जतन करायचे. हे सगळे नोकरीचा पहिला तास सुरू होण्याआधी झाले पाहिजे. नंतर माणूस पूर्ण कायदेशीर निघाला तर दंडाचा प्रश्न उद्भवत नाही. पण तो तसा नसेल, तर उशिरा केलेली तपासणी आपल्याला वाचवत नाही. नोंद नोकरी असेपर्यंत आणि ती सुटल्यावर आणखी दोन वर्षे ठेवावी लागते. ज्याच्या परवानगीला मुदत आहे त्याची मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करावी.

पदवीच्या पातळीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. त्यांच्या विद्यापीठाच्या सत्रांच्या आणि सुट्ट्यांच्या तारखांचा पुरावा मालकाने आपल्या दप्तरी ठेवायचा असतो, आणि नेमका हाच कागद छोट्या व्यवसायांत राहून जातो. दोन ठिकाणी काम करणारा मुलगा असेल तर दोन्हीकडचे तास मिळून २० धरले जातात, म्हणून त्याला तसे स्पष्ट विचारून लिहून घ्यावे.

एक बाब विशेष जपावी. एखाद्याचा व्हिसा संपला असे पडद्यावर दिसले, परंतु त्याने मुदतीत नवा अर्ज केलेला असेल, तर त्याचा हक्क निकाल लागेपर्यंत चालू राहतो. अशा वेळी त्याला घरी पाठवू नये. होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा करावी. तेथून होकाराचे पत्र आले की सहा महिने आपल्याला संरक्षण मिळते. माझ्या पूर्वीच्या नोकरीत, घाईने, असाच एक माणूस कामावरून कमी झाला होता. त्याचा अर्ज मुदतीत गेला होता आणि पुढे मंजूरही झाला. तोपर्यंत त्याचे तीन महिन्यांचे भाडे थकले होते. त्या फाईलवर माझीही सही होती, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आणखी एक. घरपोच पदार्थ पोचवणारे, रोजंदारीवरचे आणि ठेक्यावरचे लोक आतापर्यंत या तपासणीच्या चौकटीबाहेर होते. २ डिसेंबर २०२५ रोजी राजाची संमती मिळालेल्या सीमासुरक्षा, आश्रय व इमिग्रेशन कायद्याने त्यांनाही चौकटीत आणण्याची तरतूद केली आहे. स्वयंपाकघरात मदतीला ‘रोखीवर’ येणारा माणूस असेल, तर त्याचीही तपासणी करण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी.

दुभाषा_नदीपार

आश्रयाच्या अपिलांविषयी येथे कोणी फारसे लिहील असे वाटत नाही, कारण आपल्या समाजात तो विषय दबक्या आवाजात निघतो. मी लंडनमध्ये मराठी, हिंदी आणि उर्दूचा दुभाषा म्हणून ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे होम ऑफिसच्या निर्णयांवरची अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, काम करतो. कोणत्याही प्रकरणाचा तपशील सांगणे माझ्यावर बंधनकारक गोपनीयतेमुळे शक्य नाही आणि योग्यही नाही. जे सर्वांना ठाऊक होण्याजोगे आहे तेवढेच सांगतो.

होम ऑफिसने आश्रय नाकारला की देशात असलेल्या माणसाला साधारणतः १४ दिवसांत फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे अपील करावे लागते. तेथे ज्युरी नसते. एक न्यायाधीश, होम ऑफिसचा प्रतिनिधी, अपीलकर्ता, असलाच तर त्याचा वकील, आणि दुभाषा एवढीच माणसे एका साध्या खोलीत असतात. सुनावणीच्या सुरुवातीला न्यायाधीश अपीलकर्त्याला आणि मला एकमेकांशी दोन वाक्ये बोलायला लावतात आणि परस्परांचे समजते का, हे विचारतात. बहुतेक जण लगेच मान डोलावतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की, समजत नसेल तर त्याच क्षणी सांगावे. भिडेपोटी दिलेला होकार पुढे महागात पडतो.

का, ते एका क्रियापदावरून दाखवतो. आपण मराठीत ‘त्यांनी माझ्या भावाला मारलं’ असे म्हणतो. यात भाऊ मार खाऊन घरी आला असेल किंवा जिवानिशी गेला असेल. ऐकणाऱ्याला संदर्भाने कळते. होम ऑफिसच्या मुलाखतीत दुभाष्याने याचे भाषांतर ‘ठार केले’ असे केले, आणि वर्षभराने सुनावणीत त्याच माणसाने ‘भाऊ आता गावी शेती करतो’ असे सांगितले, तर कागदावर ती सरळसरळ विसंगती दिसते. माणूस खोटे बोललेला नसतो. म्हणून मुलाखतीच्या नोंदीची प्रत आणि ध्वनिमुद्रण मागून घ्यावे, ते आपली भाषा नीट जाणणाऱ्याबरोबर ऐकावे, आणि चूक आढळली तर होम ऑफिसचा निर्णय येण्याआधीच लेखी दुरुस्ती पाठवावी. निकाल विरुद्ध गेल्यावर केलेली दुरुस्ती पश्चातबुद्धी मानली जाण्याचा धोका असतो.

ही काळजी आता अधिक महत्त्वाची झाली आहे, कारण २८ जून २०२२ रोजी किंवा त्यानंतर केलेल्या दाव्यांसाठी पुराव्याची पातळी बदलली. पूर्वी सगळ्याच हकिकतीला ‘तसे असण्याची वाजवी शक्यता’ हा एकच सैल निकष लागत असे. आता दोन पायऱ्या आहेत. माणूस जो म्हणतो तो आहे आणि त्याला खरोखर भीती वाटते, हे ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त’ या कडक मापाने पटवावे लागते. परत गेल्यास छळ होईल का, हे त्यानंतर जुन्या सैल मापाने तोलले जाते. पहिल्या पायरीवर पाय घसरला, तर छळाच्या भीतीचा दावा सहसा तेथेच संपतो.

भारतीयांसाठी आणखी एक अडसर आहे. ज्या देशांतून आलेले दावे सर्वसाधारणपणे निराधार मानावेत, त्यांच्या यादीत भारत २००५ पासून आहे. अशा दाव्याला होम ऑफिसने ‘उघडपणे निराधार’ असे प्रमाणपत्र दिले, तर २०२२ च्या राष्ट्रीयत्व व सीमा कायद्यानंतर अपिलाचा हक्कच उरत नाही. मग न्यायालयीन पुनर्विलोकन एवढाच मार्ग राहतो, जो खर्चिक आणि अरुंद आहे. आंतरजातीय विवाहामुळे घरच्यांकडूनच जिवाला धोका असलेली मुलगी जेव्हा हे ऐकते, तेव्हा ‘देश सुरक्षित आहे’ या वाक्याचा तिच्याशी काय संबंध, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर वाचता येतो. ‘तुझ्याच राज्यात दुसऱ्या शहरात जाऊन का राहिली नाहीस?’ असे तिला हमखास विचारले जाते. त्याचे उत्तर आधीच नीट विचार करून, पुराव्यानिशी तयार ठेवावे लागते.

विलंबाचेही सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने स्वतःच सांगितले की, सुमारे ५१,००० अपिले तुंबली आहेत आणि एकेका अपिलाला सरासरी ५३ आठवडे लागतात. त्यावर उपाय म्हणून सरकारी निवासात राहणाऱ्यांच्या अपिलांसाठी २४ आठवड्यांची मुदत कायद्यात आणली, आणि ट्रायब्युनलऐवजी स्वतंत्र निर्णेत्यांची नवी यंत्रणा उभारण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी एकच अपील, अडीच वर्षांची तात्पुरती निर्वासित-परवानगी आणि स्थायी वास्तव्यासाठी वीस वर्षे असा आराखडा मांडला. वेग वाढावा असे मलाही मनापासून वाटते. वर्षभर टांगणीला लागलेली माणसे मी रोज पाहतो. परंतु वकील मिळत नाही म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन एकटाच आलेला माणूस २४ आठवड्यांत पुरावे कुठून गोळा करील, याचे उत्तर मला त्या आराखड्यात सापडले नाही.

ठाणेकर_८६

दुभाषाजी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. ‘मारलं’ हे उदाहरण विसरता येणार नाही.

कृष्णाकाठ ताई, मला स्थायी वास्तव्याविषयी विचारायचे आहे. मी २०२२ मध्ये पाच वर्षांच्या हिशेबाने येथे आलो, मुलांच्या शाळा त्याच हिशेबाने निवडल्या, आणि आता दहा वर्षांची भाषा ऐकू येत आहे. जे आधीच येथे आहेत त्यांना हा नियम लावणे न्यायालयात टिकेल का?

कृष्णाकाठ

१२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत पाचाऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव प्रथम आला. त्यावर २० नोव्हेंबर २०२५ ते १२ फेब्रुवारी २०२६ या काळात लोकांची मते मागवली गेली, आणि ज्यांना अद्याप स्थायी वास्तव्य मिळालेले नाही अशा येथील रहिवाशांनाही तो लागू करावा, असा सरकारचा कल त्या मसुद्यात स्पष्ट दिसतो.

न्यायालयात काय होईल हे मी सांगू शकत नाही, परंतु आपल्याच लोकांनी लढलेला एक जुना लढा येथे आठवण्यासारखा आहे. २००६ मध्ये उच्च कौशल्यधारकांच्या योजनेचे (इंग्रजी आद्याक्षरांनी एचएसएमपी) नियम मध्येच बदलले गेले आणि स्थायी वास्तव्याचा काळ चारावरून पाच वर्षे करण्यात आला. त्या योजनेखाली आलेल्यांनी, ज्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते, एचएसएमपी फोरम नावाची संघटना उभी केली आणि वर्गणी काढून उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की, सरकारने या लोकांना एका योजनेवर विसंबून घरदार सोडायला लावले असताना नंतर अटी बदलणे अन्याय्य आहे. २००९ मध्ये चार वर्षांच्या मुद्द्यावरही फोरमच्याच बाजूने निकाल लागला. मात्र तो विजय त्या योजनेच्या वेळी दिलेल्या ठोस आश्वासनांवर उभा होता. स्किल्ड वर्कर व्हिसा देताना तसे लेखी आश्वासन दिले गेले होते का, यावरच पुढचा वाद रंगेल असे मला वाटते. आपली सर्व मूळ पत्रे आणि त्या वेळचे मार्गदर्शनाचे कागद जपून ठेवावेत.

डोंबिवलीचे_आजोबा

मुलगा लंडनला असतो. आम्ही दोघे मे महिन्यात तीन महिन्यांसाठी येत आहोत आणि मध्ये दहा दिवस स्वित्झर्लंड व पॅरिस पाहण्याचा विचार आहे. शेजारी म्हणतात की आता ईटीए काढावा लागतो आणि युरोपात बोटांचे ठसे घेतात. या वयात रांगेत उभे राहण्याची चिंता वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ

काका, नमस्कार. ईटीए तुमच्यासाठी नाही. ज्या देशांच्या नागरिकांना ब्रिटनला जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यांच्यासाठी ती शुल्क भरून घ्यायची पूर्वपरवानगी आहे आणि २५ फेब्रुवारी २०२६ पासून तिची सक्ती कडकपणे होत आहे. भारतीय पासपोर्टवर पूर्वीप्रमाणे अभ्यागत व्हिसाच काढायचा. कोणी एजंट तुमच्याकडून ईटीएचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

युरोपची नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि ती पूर्ण लागू होण्यासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली, म्हणजे तुमच्या सहलीच्या आधीच. तुम्ही शेंगेन व्हिसासाठी ठसे दिलेले असतात, त्यामुळे या प्रणालीच्या नोंदीत ठसे पुन्हा साठवत नाहीत, चेहऱ्याचे छायाचित्र मात्र घेतात. लंडनहून रेल्वेने पॅरिसला जाणार असाल, तर ही तपासणी सेंट पँक्रास स्थानकावर गाडीत बसण्याआधीच फ्रेंच अधिकारी करतात. काकूंना उभे राहण्याचा त्रास असेल तर साहाय्याची नोंद तिकिटाबरोबरच करून ठेवावी. शिक्क्यांऐवजी आता संगणक दिवस मोजतो, तेव्हा व्हिसावर जेवढे दिवस लिहिले आहेत त्यापेक्षा एकही जास्त राहू नका.

येथे नुकतेच ब्रिटिश नागरिक झालेल्यांसाठीही एक सूचना आहे. नागरिकत्वाचा समारंभ झाला की स्थायी वास्तव्याची जुनी नोंद प्रवासाला उपयोगी पडत नाही, आणि भारतीय कायद्यानुसार त्या क्षणी भारतीय नागरिकत्वही संपते. समारंभ आणि ब्रिटिश पासपोर्ट हातात येणे यांच्यामध्ये भारताचे तिकीट काढू नका.

वैनगंगा

मी बराच वेळ लिहू की नको असा विचार करत होतो. माझी पत्नी २०२३ मध्ये केअर वर्कर म्हणून भंडाऱ्याहून येथे आली आणि तिच्यामागून मी. एजंटने आमच्याकडून अकरा लाख रुपये घेतले. जानेवारीत तिच्या संस्थेचे स्पॉन्सर लायसन्स रद्द झाले. संस्थेने आम्हाला कळवलेसुद्धा नाही. पगार थांबल्यावर समजले. नंतर होम ऑफिसचे पत्र आले की दोघांचीही परवानगी ६० दिवसांवर आणली आहे. तिने कोणताही नियम मोडलेला नाही. रात्रपाळीत म्हाताऱ्या माणसांना उठवणे, अंघोळ घालणे, जेवू घालणे एवढेच तिने अडीच वर्षे केले. आम्हाला कोणाकडे जावे हेही कळत नाही.

कृष्णाकाठ

दादा, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. तुम्ही एकटे नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातल्या ४७० हून अधिक संस्थांची लायसन्स रद्द झाली, आणि त्या संस्थांशी संबंधित कामगारांची संख्या ३९,००० च्या वर होती, असे सरकारनेच सांगितले आहे. चूक मालकाची असते आणि ६० दिवसांचे घड्याळ कामगाराच्या घरात टांगले जाते, हे मला आजवर कधीही न्याय्य वाटलेले नाही.

आता करायचे ते सांगते. पत्रावरची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. इंग्लंडमधल्या केअर संस्थांनी आधीच येथे असलेल्या आणि स्पॉन्सर गमावलेल्या कामगारांना प्रथम घेण्याचा प्रयत्न करावा, असा नियम ९ एप्रिल २०२५ रोजी आला. अशा कामगारांची सोय लावण्यासाठी विभागवार भागीदारी केंद्रे आहेत. तुमच्या कौन्सिलला विचारले की पत्ता मिळेल. परदेशातून केअर वर्कर आणणे बंद असले, तरी येथे असलेल्यांना हा मार्ग जुलै २०२८ पर्यंत खुला आहे. सल्ला फक्त सॉलिसिटरचा किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेल्या सल्लागाराचाच घ्या; नोंदणीशिवाय असा सल्ला देणे हा येथे गुन्हा आहे. एजंटला पुन्हा एक रुपयाही देऊ नका. दिलेल्या पैशांचे बँकेतले व्यवहार आणि संदेश मात्र सगळे जपून ठेवा.

वैनगंगा

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. भागीदारी केंद्रातून चार संस्थांची नावे मिळाली, दोघांनी मुलाखतीला बोलावले, आणि एका वृद्धाश्रमाने सर्टिफिकेट दिले. त्यांनी शुल्क मागितले नाही. अर्ज सत्तेचाळिसाव्या दिवशी गेला. वकिलांनी सांगितले की निकाल येईपर्यंत आम्ही येथे कायदेशीरपणे राहू शकतो, परंतु तिला नव्या ठिकाणी काम सुरू करता येणार नाही. सध्या मी गोदामात दोन पाळ्या करतो आहे. ताई, निकाल आल्यावर आधी काय पाहावे?

कृष्णाकाठ

आनंद झाला, दादा. निकाल आला की वहिनींनी प्रथम आपल्या खात्यात शिरून नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक, मालकाचे नाव आणि मुदत हे पाचही तपशील स्वतः वाचून घ्यावेत. चूक असेल तर त्याच दिवशी ऑनलाइन कळवावे. मग नवा शेअर कोड काढून वृद्धाश्रमाला द्यावा, आणि त्यांनी आपल्या पडद्यावर तपासणी केल्याचे विचारून घेतल्याशिवाय पहिल्या पाळीला उभे राहू नये. तुमचाही शेअर कोड नव्याने काढून गोदामात द्या, कारण तुमची तारीखही तिच्याबरोबरच बदललेली असेल.